रायलीचा डबल रिस्टलॉक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तालमीतली पोरं डबल रिस्टलॉक, म्हणजे दोन्ही हातांनी गड्याचा हात अडकवून खांदा पिळायचं कुलूप, लावतात आणि समोरचा दर वेळी पुढे कोलांटी मारून निसटतो, असं तू लिहिलंस. याचं उत्तर बिली रायलीनं आयुष्यभर शिकवलं, म्हणून आधी त्याच्याबद्दल थोडं.

रायली १८९६ चा, इंग्लंडमधल्या विगनचा. गाव कोळशाच्या खाणींचं, आणि खाणकामगारांची कुस्ती कॅच-ॲज-कॅच-कॅन. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, मुभा, दोघं खाली गेले तरी लढत चालूच. दोन्ही खांदे टेकले की निकाल. धंदेवाईक कुस्तीत सांधा अडकून गड्यानं हार कबूल केली तरी निकाल. रायली मिडलवेटचा, म्हणजे मधल्या वजनगटाचा गडी. १९३० च्या दशकात त्यानं आफ्रिकेत जाऊन ब्रिटिश एम्पायरचा किताब मिळवला. त्याच सुमारास इंग्लंडात 'ऑल-इन' कुस्तीचे खेळ सुरू झाले आणि करमणुकीला भाव आला. खरी कुस्ती जपली ती रायलीच्या तालमीनं. विगनच्या व्हेली भागातली ती साधी शेड पुढे 'स्नेक पिट' म्हणून गाजली. बेल्जियमचा कार्ल गॉच आणि मँचेस्टरचा बिली रॉबिन्सन तिथंच घडले. गॉच पुढे जपानमध्ये शिकवायला गेला आणि तिथल्या पोरांना त्यानं आपल्या बैठका नि जोर घालायला लावले. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता डाव. गड्याचा उजवा हात धरायचा तर आपल्या डाव्या हातानं त्याचं मनगट पकड. अंगठा बोटांच्याच बाजूला राहू दे. अंगठा पलीकडून आवळला की पकड ताठ होते आणि मनगट फिरवायला अडचण येते. मग उजवा हात त्याच्या दंडावरून घालून खालून आत आण आणि आपलंच डावं मनगट धर. त्याचं कोपर काटकोनात वाकलेलं आणि आपल्या छातीला चिकटलेलं हवं. मग हात त्याच्या पाठीमागून डोक्याकडे फिरव. जोर छाती आणि कंबर वळवून लावायचा, नुसत्या दंडानं नव्हे.

तुझ्या पोरांचं चुकतं ते इथं. कोपर नि छाती यांत बोटभर फट राहिली की वळणाचा जोर खांद्यापर्यंत पोचत नाही. गडी हात सरळ करतो, नाहीतर स्वतःचा लंगोट पकडतो. पण कोलांटीचं मूळ कारण वेगळंच. पोरं हाताच्या मागे लागतात आणि डोकं मोकळं सोडतात. डोकं मोकळं असलेला गडी खांद्यावरचा ताण वाढला की त्याच दिशेनं गोल फिरतो, आणि ताण संपतो. म्हणून आधी कब्जा, मग कुलूप. वजन त्याच्या खांद्यावर टाकून डोक्याच्या दिशेनं सरक, जमलं तर पाय डोक्यावरून टाक, आणि मगच वळव. त्यानं लंगोट धरला असेल तर हातानं ओढत बसू नकोस. त्याचं कोपर छातीशी धरूनच कमरेचा झटका दे, म्हणजे पकड सुटते.

आणखी एक, जे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. विगनचे लोक हा डाव केवळ हात मोडायला लावत नसत. खांदा वाचवायचा तर गड्याला पाठीवर वळावं लागतं, आणि वळला की चीतपट. म्हणजे कुलूप ही धमकी, खांदे टेकवणं हा हेतू. हे कळल्यावर पोरं घाई करणार नाहीत.

सरावात मात्र कडक राहा. या कुलपात खांदा फार दुखण्याआधीच निकामी होऊ शकतो. गड्यानं हार मानून हातानं थाप मारली की त्याच क्षणी सोडायचं, आणि थाप मारायला त्याचा एक हात मोकळा आहे ना, हे आधी बघायचं. पहिले पंधरा दिवस फक्त पकड, कोपर आणि डोक्यावरचा कब्जा, वळवणं नको. आपल्या मैदानी कुस्तीत सांधा मोडायचा डाव चालत नाही, हेही पोरांना पहिल्याच दिवशी सांग.

डोक्यावर कब्जा आला की कोलांटी थांबते का, ते कळव.

तुझाच,
मित्र