मोटारीतील बालआसन नुसते विकत घेणे पुरेसे नाही
महोदय,

२०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाविना मोटारीतून नेल्यास १,००० रुपये दंड आहे. परंतु महागडे आसन विकत घेतले की कर्तव्य संपले, असे अनेक पालक मानतात. मोटारीचा पट्टा आसनातून जिथून ओवला जातो तिथे धरून हलवल्यावर आसन अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकता कामा नये आणि मुलाच्या खांद्यावरचा आसनाचा पट्टा चिमटीत येणार नाही इतका घट्ट असावा. पाठमोरे, म्हणजे बाळाचे तोंड मोटारीच्या मागच्या बाजूला ठेवणारे आसन चालू एअरबॅगसमोर तर कधीच लावू नये; बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपल्याकडची हौसही जिवावर बेतणारी आहे. विक्रेत्यांनी मोटार ताब्यात देताना आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन थेट मोटारीला जोडण्याचे हुक कुठे आहेत, एवढे तरी दाखवावे.

— एक वाचक, पुणे