पाचव्या दिवशी घरी, पण पाच वर्षांनी काय?

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात बीटिंग हार्ट बायपासची बातमी आली होती, हृदय चालू ठेवून ऑपरेशन, पाचव्या दिवशी पेशंट चालत घरी, सोबत डॉक्टर आणि पेशंटचा हसरा फोटो. वाचून बरं वाटलं, कारण आमच्या अण्णांचाही अगदी असाच फोटो काढला होता २०१४ साली. म्हणूनच लिहायला बसले.

तेव्हा आम्हाला सांगितलं की हृदय थांबवायचं नाही, हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर घ्यायचं नाही, रक्त कमी लागतं, मेंदूला त्रास नाही, पेशंट लवकर घरी. जीवनदायी योजनेतून ऑपरेशन झालं, पैसे लागले नाहीत, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण सांगितलेलं सगळं पहिल्या पंधरा दिवसांचं होतं. अण्णा तेव्हा ५८ वर्षांचे, त्यांना पुढची वीस वर्षं काढायची होती, त्याबद्दल कोणी बोललं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

सात वर्षांनी जिना चढताना त्यांच्या छातीत परत दाटून यायला लागलं. अँजिओग्राफीत दिसलं की पायाच्या शिरेचे दोन्ही ग्राफ्ट, म्हणजे बायपासमध्ये रक्तासाठी जोडलेले नवे रस्ते, बंद पडलेत, छातीतल्या धमनीचा तिसरा मात्र छान चालू आहे. नव्या डॉक्टरांनी जुनी ऑपरेशन नोट आणायला सांगितली, त्या हॉस्पिटलात दोन खेपा घातल्या तर फाईल मिळत नाही म्हणाले. आमच्याकडे होतं फक्त डिस्चार्ज कार्ड, आईने गॅसच्या पुस्तकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं, घडीवर फाटलेलं, शाई उडालेली, 'ओपीकॅब × ३', म्हणजे बीटिंग हार्ट बायपास, तीन ग्राफ्ट, एवढंच काय ते वाचता येत होतं. त्याच वेळी कळलं की अण्णांनी कोलेस्टेरॉलची गोळी दोन वर्षांतच सोडली होती, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून. ती जन्मभराची आहे हे त्यांच्या डोक्यात कोणी बसवलंच नव्हतं, आणि सात वर्षांत हॉस्पिटलातून एक फोन आला नाही.

मग मी मिळेल ते वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये 'रूबी' नावाचा मोठा अभ्यास झाला, २२०३ पेशंट. वर्षभराने अँजिओ करून बघितलं तर बीटिंग हार्टवाल्यांचे ८२.६ टक्के ग्राफ्ट उघडे होते आणि मशीनवर घेतलेल्यांचे ८७.८ टक्के, आणि पाच वर्षांत मृत्यू १५.२ विरुद्ध ११.९ टक्के. वाचून माझे हातपाय गार पडले. पण दहा वर्षांनी बघितलं तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस फरक राहिला नव्हता. 'कॉरोनरी' नावाचा दुसरा अभ्यास त्याहून मोठा, १९ देश, त्यात आपला भारतही, ४७५२ पेशंट. त्यात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी फेल होणं, परत बायपास किंवा अँजिओप्लास्टी असं सगळं एकत्र धरलं तर पाच वर्षांनी २३.१ आणि २३.६ टक्के, म्हणजे सारखंच. फरक कशाने पडला असेल? माझ्या मते हाताने. कॉरोनरीत सर्जनला त्या पद्धतीच्या शंभरावर केसेसचा अनुभव सक्तीचा होता, रूबीत वीस केसेस पुरत होत्या. दीड-दोन मिलीमीटरची रक्तवाहिनी, खाली हृदय हलतंय, स्टेबिलायझरने तेवढाच भाग दाबून धरायचा आणि केसासारख्या बारीक दोऱ्याने टाके घालायचे, हे काम सवयीच्या हातालाच जमणार. मेंदूचं म्हणाल तर हॉलंडमध्ये पाच वर्षांनी तपासलं तेव्हा स्मरणशक्ती वगैरेत दोन्ही गटांत फरक सापडला नाही.

म्हणून बीटिंग हार्ट वाईट असं मी म्हणत नाही, महाधमनी चुन्यासारखी कडक झालेल्या पेशंटला तर त्याचा खरा फायदा आहे. पण नातेवाईकांना दोन्ही पद्धती समजावून सांगा, सर्जनने अशा किती केल्या ते सांगा, शीर किती आणि धमनी किती वापरणार ते सांगा. पायाच्या शिरेचे ग्राफ्ट दहा वर्षांत साधारण निम्मे बंद पडतात, छातीतल्या डाव्या धमनीचे दहातले नऊ टिकतात, हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं.

आणि सरकारला एक विनंती. आता महात्मा फुले योजनेतून बायपास होतात, पैसे सरकार भरतं, पेशंटचा नंबर सरकारकडे आहे. एक, पाच आणि दहा वर्षांनी फोन करून विचारा, माणूस आहे का, परत दुखतं का, गोळ्या चालू आहेत का, आणि ते आकडे हॉस्पिटलवार जाहीर करा. अमेरिकेत छातीच्या सर्जन लोकांची संघटना १९८९ पासून अशा ऑपरेशनांची नोंद ठेवते, आपल्याकडे निदान योजनेच्या पेशंटपासून सुरुवात करता येईल.

अण्णांना स्टेंट टाकला, आता रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जातात, गोळ्यांचा डबा आई स्वतः भरते. आपल्या बातमीतल्या त्या काकांचाही पत्ता कृपया लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी आपला वार्ताहर परत त्यांच्या घरी पाठवा, ती बातमीही पहिल्या बातमीएवढीच मोठी छापा.

आपली नम्र,
एक वाचक, कराड