पोच घेतली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सेतू केंद्रांपुढे दाखल्यांच्या रांगा लागतात आणि तहसीलच्या ओट्यावर एकच वाक्य कानी पडते, 'साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात या.' कोणते साहेब, कोणत्या वारी, कशावरून? विचारले की उत्तर येते, 'जाऊ दे ना भो.' अर्ज तोंडी, उत्तर तोंडी आणि खेपा मात्र खऱ्या. धडगावच्या पाड्यावरून एका सहीसाठी दोनदा यायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते.

एका अर्जात एकच मागणी असावी. वारस नोंद, शेतरस्ता आणि अनुदान एकाच कागदावर लिहिले की तो कागद तीन टेबलांचा होतो, म्हणजे कोणाचाच राहत नाही. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे लिहिणे म्हणजे 'कार्यवाही सुरू आहे' या उत्तराला आमंत्रण. गट क्रमांक, मृत्यूची तारीख, कोणाची नावे लावायची, हे नेमके लिहावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक बारनिशीत, म्हणजे आलेले कागद नोंदवणाऱ्या टेबलावर द्यावी, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हीच पोच. तारखेविना नुसता शिक्का मुदतीच्या वादात कामाला येत नाही. पोच नाकारली तर हुज्जत घालू नये. त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोहोचल्याची नोंद लगेच छापून ठेवावी, ती संकेतस्थळावर कायम दिसत नाही. मूळ कागद तपासणीला दाखवावेत, देऊन येऊ नयेत.

ऑनलाइन अर्जात वेगळीच गोम असते. भरून देणारा स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो, मग ओटीपी आणि त्रुटीचा निरोप त्याच्याकडे जातो आणि अर्जदार अंधारात. क्रमांक आपलाच टाकायला लावावा आणि अर्ज क्रमांकाची पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवा (शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेली), तिची मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि अपील ऐकणारा अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात हवा. रांगेत उभे राहण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. फेटाळण्याची कारणे लेखीच मागावीत. बहुतेकांचे हे 30 दिवस 'बघू, होईल' म्हणण्यातच जातात. दुसऱ्या अपिलानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे.

सेवा अधिसूचित नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, 150 शब्दांची मर्यादा. इथे 'माझे काम का झाले नाही?' असे विचारून फसू नये. माहिती अधिकारी नोंदीत असेल तेवढेच देतो. 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची तारीखवार नोंद आणि टिप्पणीची प्रत द्यावी' असे मागावे. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. पोच इथेही कामाला येते, तीच नसेल तर आवक क्रमांक आणायचा कुठून?

बाकी एक साधी वही पुरे. तारीख, टेबल, कोण काय म्हणाले, पुढची तारीख, असे चार रकाने आखून ते कार्यालयाच्या दारातच भरावेत; घरी पोहोचेपर्यंत निम्मे विसरते. आणि 'कधी होईल?' ऐवजी 'कोणत्या तारखेला येऊ, आणि तोवर माझ्याकडून कोणता कागद बाकी आहे?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला 'होईल' म्हणून वाटेला लावता येते, दुसऱ्याला तारीख द्यावी लागते.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सेवा आणि मुदतींचा हा फलक आहे का, एवढे विचारून पाहावे. नसेल तर विषय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि इतिवृत्ताची नक्कल मागावी. मागणी अर्थातच लेखी, दोन प्रतींत.

आपला,
एक वाचक, अमळनेर