रक्तदाबाची टक्केवारी छापताना

संपादक महाशय,

‘इतक्या जणांमागे एकाला उच्च रक्तदाब’ अशा बातम्यांत टक्केवारी ठळक छापली जाते, पण रक्तदाब मोजला कसा हे क्वचितच सांगितले जाते. अर्धी गोम तिथेच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ या सर्वेक्षण पद्धतीत माणसाला १५ मिनिटे शांत बसवून, पायावर पाय न टाकता, ३-३ मिनिटांच्या अंतराने तीनदा रक्तदाब मोजतात आणि शेवटच्या दोन मोजण्यांची सरासरी धरतात, कारण पहिली मोजणी बहुधा चढी येते. घाईत एकदाच मोजून पुढे सरकले, तर टक्का आपोआप फुगतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तेच. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर नुसत्या रक्ताच्या वजनानेच ७-८ मिलिमीटरची (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) भर पडते.

हाताने मोजलेल्या आकड्यांची एक साधी झडती घेता येते. यंत्रावर दर २ मिलिमीटरला खूण असते, म्हणजे ०, २, ४, ६, ८ हे शेवटचे अंक साधारण सारख्याच वेळा यायला हवेत. निम्मे आकडे शून्याने संपत असतील, तर मोजणाऱ्याने अंदाजपंचे लिहिले असे खुशाल समजावे. आणि उच्च रक्तदाब ठरवणारी रेषा (वरचा/खालचा रक्तदाब) नेमकी १४०/९० वर! १३८ चे १४० झाले की धडधाकट माणूस रुग्णांच्या यादीत जातो. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. त्यामुळे दोन बातम्यांची तुलना करण्याआधी रेषा कोणती आणि गोळ्यांमुळे रक्तदाब आटोक्यात असलेले लोक मोजले की वगळले, हे पाहावे लागते.

गंमत म्हणजे एका दिवसाची मोजणी दोन उलट चुका करते. त्या दिवशी योगायोगाने रक्तदाब चढलेलेही मोजले गेल्याने रुग्णसंख्या फुगते, पण त्याच योगायोगाच्या चढउतारामुळे रक्तदाब आणि हृदयविकार यांचे नाते मात्र आहे त्याहून सैल दिसते. पुन्हा पुन्हा मोजले की ही चूक उमगते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातल्या हृदयविकाराच्या अभ्यासात १९४८ पासून ५,२०९ जणांना दर दोन वर्षांनी पुन्हा तपासले गेले. पुढे २००२ मध्ये सुमारे १० लाख लोकांच्या माहितीचे एकत्र विश्लेषण करताना ही त्रुटी दुरुस्त केली, तेव्हा दिसले की ४० ते ६९ वयात ११५/७५ पासून पुढे वरचा रक्तदाब दर २० मिलिमीटरने वाढला की हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. १४० च्या अलीकडे सगळे आलबेल, असे काही नाही.

आरोग्य शिबिरातले आकडे तर लोकसंख्येचे म्हणून छापूच नयेत. तिथे आपणहून आलेले लोक असतात, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हे. बातमीखाली एवढी एक ओळ पुरे: नमुना कसा निवडला, किती वेळा मोजले, रेषा कोणती.

— आरोग्य सर्वेक्षणाच्या क्षेत्रातील काही वाचक