जनुक ‘बंद’ केले म्हणजे नेमके काय केले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींमधले एक जनुक ‘बंद’ केल्यावर त्यांची वाढ आणि प्रसार मंदावल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मजकूर बरा होता, घात मथळ्याने केला. ‘कर्करोगावर इलाज सापडला’ असे वाचून त्याच संध्याकाळी ओळखीतल्या एका रुग्णाच्या मुलाचा फोन आला, ‘हे इंजेक्शन कुठे मिळेल?’ माझी नोकरी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून गेली, म्हणून त्याने मला गाठले. त्याला जे सांगितले तेच थोडे सविस्तर लिहिते.

मुळात जनुक बंद होत नाही. ते केंद्रकात जागच्या जागी असते. जनुकावरून निघालेला संदेशवाहक आरएनए, म्हणजे पेशी जिच्यावरून प्रथिन बनवते ती जनुकाची नक्कल, प्रथिन तयार होण्याआधी वाटेतच कापला जातो, इतकेच. त्यासाठी साधारण 21 अक्षरांचा (आरएनएच्या साखळीतली एक कडी म्हणजे एक अक्षर) दुपदरी आरएनएचा तुकडा पेशीत सोडतात. पेशीतलीच यंत्रणा त्यातला एक पदर घेऊन जुळणारा संदेश हुडकते आणि तोडते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुपदरी आरएनएची ही करामत 1998 मध्ये जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवली; 2006 चे नोबेल त्यासाठीच. असा तुकडा पेशीत टिकतो काही दिवस. आम्ही याला ‘नॉकडाउन’ म्हणायचो, आणि जनुकच मोडून टाकले तर ‘नॉकआउट’. पहिल्यात नळाची धार बारीक होते, दुसऱ्यात नळच उपटला जातो.

आता ‘प्रसार मंदावला’ हे कशावरून म्हणतात? प्लेटच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढू देतात आणि पिपेटच्या प्लास्टिकच्या टोकाने मधोमध एक सरळ ओरखडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोकळी पट्टी शेतातल्या पायवाटेसारखी दिसते. दोन्ही काठांवरच्या पेशी हळूहळू आत सरकतात. एक फोटो लगेच, दुसरा 24 तासांनी, आणि पट्टी किती भरली ते मोजायचे. (हात जरा हलला की ओरखडा वाकडा, आणि मग दिवसभर मोजदादीची कटकट. मी कित्येक प्लेटा अशाच फेकल्या आहेत.)

यात एक मेख आहे. पट्टी पेशी सरकल्यानेही भरते आणि पेशींची संख्या वाढल्यानेही. जनुकाचा आवाज कमी केल्यावर पेशींची वाढच मंदावली असेल, तर पट्टी उशिरा भरणारच; त्यावरून पेशींचे फिरणे कमी झाले असे ठरत नाही. म्हणून पोषणद्रवातले सीरम (रक्तातला, पेशींची वाढ चेतवणारा द्रव भाग) कमी करून किंवा मायटोमायसिन-सी हे औषध देऊन विभाजन आधी थोपवायचे असते. ते न करता ‘वाढही कमी, प्रसारही कमी’ असे लिहिणे म्हणजे एकाच मालाची दोन बिले लावणे. चाळणीच्या प्रयोगाला मी जास्त वजन देते. 8 मायक्रोमीटरच्या छिद्रांच्या पडद्यावर जेलीसारखा थर देतात आणि तो पोखरून किती पेशी पलीकडे उतरल्या ते रंग देऊन मोजतात. तिथेही वाढीचा हिशेब वेगळा ठेवावाच लागतो.

शिवाय एकाच तुकड्यावर विसंबून चालत नाही, कारण तो भलतेच संदेशही कापू शकतो. दोन वेगळे तुकडे वापरून तोच परिणाम यायला हवा, सोबत निरर्थक अक्षरांचा तुकडा दिलेल्या पेशी तुलनेला हव्यात. त्या तुकड्याने कापली न जाणारी जनुकाची प्रत परत घातल्यावर पेशी पूर्वीसारख्या वागू लागल्या, तर माझा विश्वास बसतो.

या प्रयोगांना मी हसत नाही. तोंडाच्या कर्करोगात प्रसाराचा प्रश्न मानेच्या लसिकाग्रंथींपासूनच सुरू होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी सुजल्यावरच काढायच्या असे ठरवलेल्या गटात 67.5 टक्के. पेशी कशाच्या जोरावर ग्रंथीपर्यंत पोहोचतात हे कळणे मोलाचेच आहे.

पण प्लेटपासून इंजेक्शनपर्यंतची वाट लांब आहे. आरएनएचा उघडा तुकडा रक्तात पाहता पाहता तुटतो किंवा मूत्रपिंडातून निघून जातो. या तत्त्वावरचे पहिले औषध, पॅटिसिरान (कर्करोगावरचे नव्हे, एका आनुवंशिक आजारावरचे), 2018 मध्ये मंजूर झाले तेही मेदाच्या सूक्ष्म वेष्टनात घालून, आणि ते काम करते यकृतात. असे वेष्टन यकृत आपणहून ओढून घेते; जिभेवरच्या गाठीत किंवा मानेतल्या ग्रंथीत तुकडा पुरेशा पेशींपर्यंत नेणे हे वेगळेच काम आहे. त्यातून तोंडाच्या कर्करोगात सर्वांत जास्त वेळा बिघडलेले सापडते ते टीपी53, म्हणजे पेशीला आवर घालणारे जनुक. तिथे गेलेला लगाम परत आणायचा असतो, काही गप्प करून भागत नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा बातमीच्या पहिल्याच ओळीत प्रयोग प्लेटमधल्या पेशींवर झाला, उंदरावर की माणसावर, हे छापावे. वडिलांची ठरलेली शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलावी का, असेही त्या मुलाने विचारले होते. मी नाही म्हटले, आणि आधी डॉक्टरांना फोन लाव म्हणून सांगितले.

आपली,
एक वाचक (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)