दोन निळे तुकडे

लेस्टर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आई यांना
शि. सा. नमस्कार.

पोस्टाने पत्र आलं म्हणून दचकू नका, काही झालेलं नाही. फोनवर बाबा ‘हं, बरं आहे, आईशी बोल’ म्हणून फोन पुढे सरकवतात आणि आईची पहिली दहा मिनिटं मी काय खाल्लं यातच जातात. सांगायचं ते राहून जातं. शिवाय पाकिटात एक वस्तू घालायची होती, ती व्हॉट्सॲपवर जात नाही. आई, बाबांना चष्मा हल्ली ‘लागत नाही’ ना, मग तूच वाचून दाखव. कंसातलं मात्र मनात वाच.

आधी तुमच्या काळज्या. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. सव्वाआठला उजाडतं आणि सव्वाचारला मावळतं, म्हणून ‘रात्री एकटी फिरतेस’ असं होत नाही, इथे पाच वाजताच रात्र असते आणि सगळं गाव रस्त्यावर असतं. जेवणाचं विचारूच नका. मी ज्यांच्याकडे खोली घेतलीय त्या गुजराती आजी १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या लोकांत आल्या आणि इथल्या होजिअरीच्या कारखान्यात जन्मभर ओव्हरलॉकवर बसल्या. त्या मला उपाशी ठेवतील होय? बेलग्रेव्ह रोडवर तीळ, गूळ, बाजरीचं पीठ, शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळतात. तिळगूळ करणार आहे. तुमच्यापर्यंत पत्र पोचेपर्यंत संक्रांत होऊन गेली असेल, पण रथसप्तमीपर्यंत चालतं.

आणि आई, मला कावीळ झालेली नाही. तू ज्या फोटोवरून घाबरलीस तो लाइट बॉक्ससमोर, म्हणजे कापडाचा रंग वेगवेगळ्या दिव्यांखाली बघायच्या डब्यासमोर काढला होता, आणि तेव्हा नेमका पिवळा दिवा चालू होता. घरातल्या जुन्या बल्बसारखा उजेड पडतो त्याचा. त्या उजेडात ऐश्वर्या रायसुद्धा कावीळ झाल्यासारखी दिसेल. तू विणलेला राणी कलरचा स्वेटर फोटोत नाही, त्याचंही कारण तेच. शेड बघायच्या खोलीत भडक कपडा चालतच नाही. त्याची झाक समोरच्या कापडावर पडते आणि पांढरा गुलाबी दिसायला लागतो. भिंती राखाडी, टेबल राखाडी, आमचे कोटही राखाडी. नेलपॉलिशसुद्धा लावायचं नाही. स्वेटर घरी आल्याआल्या घालते. आत्ता अंगात तोच आहे.

आता नोकरीचं. ‘लॅबमध्ये लागले’ म्हणाले ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. सध्या मी नमुने कापते, कार्डावर चिकटवते, रॅकवर टांगते. शेड पास की फेल हे ठरवायला बसायचं तर आधी डोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव फार्न्सवर्थ-मन्सेल हंड्रेड ह्यू. नाव शंभराचं, टोप्या मात्र पंच्याऐंशीच! चार लांबट लाकडी खोके असतात. प्रत्येकात काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या, कॅरमच्या सोंगटीसारख्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर रंगाचा एक ठिपका. खोक्याच्या दोन टोकांच्या टोप्या पक्क्या बसवलेल्या. मधल्या सगळ्या उलटसुलट करून समोर ठेवतात आणि म्हणतात, लाव क्रमाने. एका टोकाला गुलाबी, दुसऱ्याला पिवळसर, आणि मधल्या वीसेक टोप्यांत शेजारच्या दोघींत फरक म्हणावा तर आहे, म्हणावा तर नाही. रंगाच्या ठिपक्याला बोट लावायचं नाही, तेल लागतं. कडेने धरायची. एका खोक्याला साधारण दोन मिनिटं. चुकलेल्या जागांचे गुण होतात, म्हणजे जितके जास्त तितकं वाईट. वीसच्या आत आले तर डोळा एक नंबर, शंभरच्या पुढे गेले तर रंगाच्या कामाला उपयोग नाही. बहुतेक माणसं मध्येच असतात.

आमच्या लॅबला वीसच्या आत लागतात. मला नोव्हेंबरात ४४ आले.

म्हणजे नापास नाही. परत घेणार आहेत, गुरुवारी २२ तारखेला. पत्र हातात पडेल तोवर ती होऊनही गेली असेल, तेव्हा फोनवर विचारू नका, मीच सांगेन. चुका जवळजवळ सगळ्या हिरव्या-निळ्याच्या खोक्यात झाल्या. सुपरवायझर बाईंनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, झोप किती झाली होती? (आई, तीन तास. तेव्हा आठवड्यातून चार रात्री गोदामात पार्सलं भरायला जात होते. हप्ता चुकू नये म्हणून. आता सोडलंय ते, शपथ.) डोळा दमला की सगळ्यात आधी बारीक फरक दिसेनासा होतो, हे इथे येऊन दोन वर्षं शिकले. बाबा मात्र रात्रपाळी उतरल्यावर कधीच शेड पास करत नव्हते. ‘सकाळी बघू’ म्हणून तुकडा खिशात घालून घरी यायचे. तेव्हा शेठ चिडायचे.

खरं सांगू बाबा, तयारी करताना अर्धं पुस्तक तुमच्याच तोंडून ऐकल्यासारखं वाटतं. ‘इस्त्रीतून काढलेल्या गरम कापडावर शेड बघू नकोस, लाल फसवतो’ म्हणायचात ना? इथे प्रत्येक नमुना आधी २० अंश तापमानाला आणि ६५ टक्के दमट हवेत टांगून निववतात, मगच बघायचा. तुम्ही प्रोसेसच्या, म्हणजे तुमच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या, उत्तरेच्या दारात उभे राहायचात. इथे जानेवारीत दारात उजेडच नाही, म्हणून तोच उत्तरेच्या आभाळाचा उजेड डब्यात भरलाय, डी-६५ म्हणतात त्याला. बाजूला दुसरा दिवा टीएल-८४, तो इथल्या दुकानांत असायच्या तसल्या ट्यूबलाइटचा. एका दिव्याखाली जुळलेले दोन तुकडे दुसऱ्याखाली भांडायला लागतात, त्याला मेटॅमेरिझम असं भारदस्त नाव आहे. आई महाद्वार रोडला ब्लाउजपीस घेताना दुकानदाराच्या हातातून साडी ओढून रस्त्यावर उन्हात न्यायची, ते हेच. त्यासाठी मला एवढी फी भरावी लागली.

मशीनही आहे. ते दोन रंगांतलं अंतर आकड्यात सांगतं, एकच्या आत असलं तर सहसा पास. त्याचं सूत्र ब्रॅडफर्डच्या ज्या संस्थेच्या कमिटीने काढलं ती १८८४ सालची, आणि आहे कुणाची? रंगाऱ्यांची! तुम्हाला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं. पण कधीकधी आकडा पास म्हणतो आणि डोळा नको म्हणतो, मग दोघीजणी बॉक्ससमोर उभ्या राहून ‘लालसर आहे’, ‘नाही, मळकट आहे’ असं चालतं. तिथे मला घरी आल्यासारखं वाटतं.

रोज संध्याकाळी टाकाऊ कातरणं घरी आणते आणि खिडकीशी लावत बसते. गेल्या आठवड्यात काळे लावले. संक्रांतीचा काळा म्हणजे आपल्याला एकच वाटतो ना? बत्तीस तुकडे होते. त्यातले निम्मे निळसर काळे, काही हिरवट, चार-पाच लालसर, आणि खरा काळाकुट्ट बहुधा एकच. गुजराती आजी म्हणाल्या, पोरगी चिंध्यांनी भातुकली खेळते.

आता इथली एक गंमत सांगते, ती मला अजून पुरती कळलेली नाही. चहा. आपल्याकडे चहा झाला की येतो. इथे कुणीतरी खुर्चीतून उठतं आणि खोलीला उद्देशून एकदाच विचारतं, चहा? नीट ऐका, एकदाच. मी पहिले तीन दिवस ‘नको नको’ म्हणाले. मला वाटलं आता आग्रह होईल. झालाच नाही! ‘बरं’ म्हणून माणूस निघून गेला. नाही म्हणजे खरंच नाही, असं धरतात हे लोक. चौथ्या दिवशी मी मुकाट उठले आणि माझ्यापुरता करून आणला. खोलीत अशी शांतता पसरली की वाटलं चोरी केली. मग एकीने हळूच समजावलं, की स्वतःला प्यायचा असेल तर आधी सगळ्यांना विचारायचं, सगळ्यांचा करायचा, आणि असं करत पाळी फिरते. कुणी कुणाचा हिशोब ठेवत नाही, पण कुणी किती दिवसांत उठलं नाही हे प्रत्येकाला पाठ असतं. बरं, चहा म्हणजे उकळायचा नाही. मगमध्ये पुडी, वर गरम पाणी, आणि थंड दूध. आलं नाही, वेलदोडा नाही. सगळा मान रंगाला. एकाला विटकरी लागतो, एकीला बिस्किटासारखा, सुपरवायझर बाईंना खाकीच्या अलीकडे. पहिल्या फेरीला माझे सहातले चार कप परत आले. तोंडाने ‘छान आहे’ म्हणाले आणि कप तसेच ठेवले, हाही इथला एक प्रकार. शेवटी मी कातरणांतून सहा जणांच्या सहा शेड निवडल्या, कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आणि खाली आद्याक्षरं लिहिली. बाईंनी बघितलं, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझा जरा पिवळट आहे, बदल. त्या दिवसापासून मला निळ्याचे लॉट बघताना शेजारी उभं राहू देतात.

निळ्यावरून आठवलं. बाबा, पार्टीने मोरपंखी आणि फिक्या निळ्याचा लॉट परत पाठवला ते मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. शेठ काही बोलले नाहीत म्हणे, तेच तुम्हाला जास्त लागलं असणार. पण हे नीट ऐका. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं, मोतीबिंदू असला तर आणखी. त्यातून निळा उजेड आत कमी जातो. दोन निळ्यांतला, किंवा पांढऱ्या आणि फिक्या पिवळ्यातला फरक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. नजर तीच आहे, मध्ये पिवळी काच आलीय. लाल, मरून तुम्ही अजूनही मला हरवाल. नोव्हेंबरात माझा कागद नेमका निळ्या-हिरव्यात फसला तेव्हा मला आधी तुमचीच आठवण झाली, आणि वाईट वाटलं की सहा महिन्यांपूर्वी तुम्ही ‘हल्ली निळा जरा मंदच येतो’ म्हणाला होतात आणि मी ‘डाय बदलला असेल’ म्हणून विषय संपवला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘तू आल्यावर’ नको. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याच दिवशी घरी सोडतात. मी येऊन काय करणार, डोळ्यात थेंब पिंट्यासुद्धा घालेल. डॉक्टरांना मात्र आधी सांगा की कापडाच्या शेड बघायचं काम आहे. काही लेन्स पिवळ्या झाकेच्या असतात. त्यांच्याशी नीट बोला आणि चालत असेल तर बिनरंगाची घ्या.

पैसे. हप्त्याचे अठरा हजार दर महिन्यासारखे पाच तारखेला भरलेत. घरखर्चाला या महिन्यात पाचच पाठवते, रागावू नका. ऑपरेशनचे पन्नास हजार वेगळे पिंट्याच्या खात्यावर टाकलेत, ते त्याच्या गाडीला लागता कामा नयेत. हे कुठून आले असं विचाराल. मेच्या तिकिटाचे आहेत. म्हणजे मेमध्ये माझं येणं होत नाही. नवीन नोकरीत तशीही सुट्टी मिळाली नसती. दिवाळीचं बघते. आजीला आत्ताच सांगू नका, मी फोनवर सांगेन, तिला माझ्या तोंडून ऐकायला हवं. की तूच सांगतेस, आई? तू सांगितलंस तर बरं.

जयसिंगपूरच्या स्थळाचं आत्याला कळवा की मेमध्ये मुलगी बघायला मिळणार नाही. थांबत असतील तर थांबू देत. मी नाही म्हणत नाही, पण होही म्हणत नाही. आणि आत्याने त्यांना ‘मुलगी तिकडे रंगकाम करते’ असं सांगितलंय, त्यावर त्यांनी विचारलं म्हणे की भिंतींचं की दारं-खिडक्यांचं. आत्याला एवढं तरी दुरुस्त करायला सांगा. मुलगा व्हिडिओ कॉलवर बोलणार असेल तर शनिवारी बोलेन, तुमच्या रात्री आठनंतर.

आजीला नमस्कार. पिंट्याला आशीर्वाद आणि वरची ताकीद. तिळगूळ घ्या.

तुमची,
वैशू

ता. क. (आई, हे मोठ्याने वाचू नकोस. पाकिटात निळ्याचे दोन तुकडे आहेत. सकाळी दहाच्या सुमारास बाबांना प्रोसेसच्या नाही, आपल्याच मागच्या दारात उभं कर आणि लहानपणी ते मला विचारायचे तसं विचार, ‘यातला हिरवट कुठला?’ ज्याच्या कोपऱ्यावर कात्रीची बारीक खाच आहे तो हिरवट, मशीनवर फरक दोनच्या वर आहे, तुलासुद्धा दिसेल. बाबा ‘दोन्ही सारखेच’ म्हणाले तर वाद घालू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घे.)