मृग कुठंय, दादा?

चि. बाई हीस अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो, पण शेतातल्या आखाड्यावर रेंज टिकत नाही, अन् घरी बोलावं तर तुझी आई मधूनच फोन हिसकून घेते. म्हणून कागद घेतला.

रविवारचा तुझा रेडिओवरचा आभाळाचा कार्यक्रम पारावर मोबाईल ठेवून आम्ही सगळ्यांनी ऐकला. तू बोलायलीस अन् आई डोळे पुसायली. काय कळलं विचारलं तर म्हणते, "लेकराचा घसा बसलाय." मी मात्र कान देऊन ऐकलं. आवाज चांगला लागलाय. पण पहिल्या पाच मिनिटांत तू इतकी शून्यं ओतलीस की दोघं तंबाखू मळायच्या निमित्तानं उठले. प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, हे खरं आहे. पण लाख म्हटलं की आमच्या लोकांना कर्ज आठवतं, पुढचं ऐकूच येत नाही. नाथषष्ठीला पैठणला गेलो होतो, तेव्हा गोदागंगेच्या काठी तू मला काय सांगितलं होतंस? आज ध्रुवाचा जो उजेड आपल्या डोळ्यांत पडतो, तो तिथून निघाला तेव्हा नाथमहाराज इथं हयात होते. मी त्या रात्री लवकर झोपलो नव्हतो. हे रेडिओवर का नाही सांगितलंस?

अन् नक्षत्रांवर जरा घाईनं बोललीस. लोक पंचांगाला चिकटून बसलेत, असा सूर होता. तू नववीत होतीस, आठव. मी म्हणालो, मृग लागला, तिफण काढू. तू विचारलंस, "मृग कुठंय, दादा? दाखवा." रात्री ढग फाटल्यावर दोघांनी आभाळ धुंडाळलं, सापडला नाही. पुस्तकात बघून तूच सांगितलंस की 7-8 जूनला सूर्यच त्या नक्षत्रात जाऊन बसतो, मग त्याच्या उजेडात चांदण्या दिसतील कशा? पुढं पौषात रात्रीची लाईन आली, आपण हळदीला पाणी देत होतो, अन् तू बॅटरी विझवून वर बोट केलंस. डोक्यावर मृग, पोटात बाणाच्या तीन चांदण्या एका ओळीत. किती वर्षं मृगावर पेरणी केली, पण माझा मृग म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख. तिथून सुरुवात कर. आमच्या लोकांना निम्मं ठाऊक आहे, फक्त आभाळात कुठं ते ठाऊक नाही.

दिवाळीत मी बोललो ते मनात ठेवू नको. "एम.एस्सी. करून गोष्टी सांगत फिरणार का?" असं म्हणालो होतो. नंतर तू पाठवलेला लेख वाचला. तो इंग्लंडातला पॅट्रिक मूर कॉलेजाची पायरी न चढता 24 एप्रिल 1957 ला टीव्हीवर आभाळ दाखवायला बसला. पहिला उपग्रह स्पुटनिक उडायला अजून पाच महिने होते! 2012 मध्ये मरेपर्यंत दर महिन्याला तोच कार्यक्रम, चुकला तो एकदाच, तेही बाधलेलं अंडं खाल्ल्यामुळं. अन् आपले नारळीकर तर केंब्रिजला शिकलेले. तरी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी गोष्टच पाठवली, तीही नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं. नावाकडं बघून बक्षीस नको होतं त्यांना. मला हे आवडलं. तू मात्र नाव उलटं करू नको, गावात कुणाला पटणार नाही की आमचीच पोरगी आहे.

इकडं औंढ्याला गुरुत्वाकर्षणाच्या लाटा पकडायचा लायगो प्रकल्प होतोय, त्याबद्दल रोज विचारतात. कुणी म्हणतं दुर्बीण येणार, कुणी म्हणतं जमिनीत काहीतरी पुरणार. मी सांगतो, दुर्बीण नाही. गवंड्याचा गुण्या असतो ना, तसा काटकोन, एकेक बाजू चार किलोमीटरची. लांब कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्याची लाट इथवर येते, एक बाजू किंचित ताणते तेव्हा दुसरी आखडते, अन् लेझरनं ते मोजतात. किती किंचित, ते मी सांगत नाही, सांगितलं तर उठून जातील. बरोबर सांगतोय का, ते कळव. एक भाग यावर कर, अन् गुण्या घे. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल.

नारळीकरांकडं पोरं सही मागायला गेली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. तुझ्या आईचा एक प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. रोज चांदण्या तुटतात, मग आभाळातल्या कमी का होत नाहीत? उत्तर फोनवर नको, कागदावर पाठव. खाली सही कर.

तुझे,
दादा